मेडिकेअर की खासगी विमा: खर्च कुणाचा वेगानं वाढला, हे कसं मोजायचं

मेडिकेअर हा अमेरिकेतला, मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. त्याचा खर्च वेगानं वाढला की खासगी विम्याचा, या वादात दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. घोळ मोजणीत असतो.

एकूण खर्चावरून निकाल काढू नका. २०२३ साली मेडिकेअरचा खर्च ८.१ टक्के वाढला, खासगी विम्याचा ११.५ टक्के, पण वाढलेल्या विमाधारकांचा खर्चही त्यात आला. म्हणून दर विमाधारकामागचा खर्च घ्या. मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी केंद्राच्या, म्हणजे सीएमएसच्या, राष्ट्रीय आरोग्य खर्चाच्या तक्त्यांत तो दोन्ही बाजूंचा मिळतो, तोही फुकट. प्रशासन आणि नफा वगळून फक्त उपचारांवरचा खर्च दाखवणारी ओळ निवडा.

मग दोन्हीकडचे लाभ सारखे करा. मेडिकेअरमध्ये रुग्णालयाबाहेर घ्यायच्या औषधांचा विमा, म्हणजे ‘पार्ट डी’, जानेवारी २००६ मध्ये आला. त्या वर्षी आलेख उडी मारतो, ती महागाई नव्हे. सोपा उपाय म्हणजे फक्त रुग्णालय आणि डॉक्टरांचा खर्च धरा.

आता वार्षिक दर. शेवटचा आकडा भागिले पहिला आकडा, त्याचा ‘एक भागिले वर्षं’ हा घात, वजा एक. समजा, २००९ ला १०० होते आणि २०१९ ला १६३ झाले, तर दर ५ टक्के. तक्त्यात ओळी ११ दिसतात म्हणून ११ नं भागलंत तर ४.५ येईल. ही चूक फार होते. मधली अंतरं मोजा, ओळी नाही.

सगळ्यात मोठी मेख सुरुवातीच्या वर्षात आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मॅनेज्ड केअरमुळे, म्हणजे ठरावीक डॉक्टर-रुग्णालयं आणि उपचारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या विमा योजनांमुळे, खासगी खर्च थंडावला, तेव्हा मेडिकेअर वेगात होतं. १९९७ च्या कायद्यानं मेडिकेअर उपचारांसाठी देत असलेले दर कापले आणि चित्र फिरलं. कुणी १९९३ ते १९९७ एवढाच तुकडा दाखवला, की समजा निकाल आधी ठरला होता. दहा-दहा वर्षांचे तुकडे करा आणि प्रत्येकाचा दर वेगळा मांडा.

वयाकडेही बघा. २०११ पासून बेबी बूमर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी पासष्टीला पोचू लागली. नवे लाभार्थी तुलनेनं तरुण, त्यामुळे मेडिकेअरची सरासरी आपोआप खाली ओढली जाते. यात सरकारचं कर्तृत्व काही नाही. वयोगटानुसार आकडे मिळाले तर तेच वापरा.

डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी रुग्णानं स्वतः भरायची रक्कम, वाढलं की विमा कंपनीचा खर्च कमी दिसतो, कारण तेवढा भार रुग्णाच्या खिशात गेलेला असतो. तुलनेखाली तशी टीप द्या. आणि मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे मेडिकेअरचे लाभ देणाऱ्या योजना, खासगी कंपन्या चालवत असल्या, तरी या तक्त्यांत तो खर्च मेडिकेअरच्याच खात्यात असतो. मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर न भरत असलेला हिस्सा भरणारा पूरक विमा, मात्र खासगीत.