कार्डावरचा 'तज्ज्ञ' आणि वहीतले कोरडे बोअर

भूशास्त्रात एम.एस्सी. होऊन जेमतेम दोन वर्षे झाली असताना मी अंबाजोगाईच्या एका छापखान्यात स्वतःची कार्डे छापून घेतली आणि नावाखाली 'भूजल तज्ज्ञ' असे घालायला सांगितले. छापून आले ते 'भूजल तज्ञ'. मधला एक 'ज्' गळाला होता. शब्दाची फोड तद् आणि ज्ञ अशी, म्हणजे 'ते' जाणणारा; संधीत तद् मधल्या द् चाच ज् होतो. त्यामुळे छापखान्याने माझ्या नावातून नेमका 'ते'चाच अवशेष काढून टाकला होता, हे मला पुढे बऱ्याच उशिरा उमगले. त्या वेळी मी शंभर कार्डे तशीच उचलली, कारण २०१६ चा उन्हाळा तोंडावर आला होता आणि पॉइंट, म्हणजे बोअर कुठे घ्यायचा ती जागा, काढून घेणाऱ्यांची रांग लागली होती. त्याच एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा वर्षी मराठवाड्यात जमिनीखालच्या पाण्याबद्दल जो ठामपणे बोलेल तो तज्ज्ञ ठरतो, आणि मी ठामपणे बोलत होते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आधी कामाचे स्वरूप सांगते. आपल्याकडचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे जाळीदार मांजऱ्या खडक तर कुठे घट्ट काळा पाषाण. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत राहते. अखंड पाषाण पाणी धरत नाही. आमचे यंत्र जमिनीत चार खुंट्या ठोकून चालते: बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मोजायचा आणि बाहेरचे अंतर वाढवत न्यायचे, म्हणजे वीज अधिकाधिक खोलवरून फिरून येते. त्यातून खडकाचा विद्युत रोध कळतो. काळी माती साधारणपणे दहा ओहम-मीटरच्या आत असते, पाणी धरलेला कुजका खडक वीस ते चाळीसच्या आसपास आणि घट्ट पाषाण बऱ्याचदा शंभराच्या पुढे. यंत्र पाणी दाखवत नाही, रोध दाखवते. हे वाक्य परीक्षेत मी अनेकदा लिहिले होते आणि चांगले गुण मिळवले होते.

त्या फेब्रुवारीत धारूरकडच्या एका गावात, बालाघाटच्या उतारावर, मी एका शेतकरी काकांना पॉइंट दिला. आलेखात पंचवीस मीटरच्या आसपास रोध स्पष्टपणे खाली आला होता, आणि मी बोट ठेवून सांगितले की इथे पाणी आहे. संध्याकाळी बोअर खोदणारी तामिळनाडूची गाडी आली. ऐंशी फुटांच्या सुमारास भुकटीचा रंग राखाडीवरून तांबडा झाला आणि ती इतकी बारीक व चिकट होती की चिमटीत धरल्यावर बोटाला गेरू फासल्यासारखी बसली. दोन लाव्हाथरांच्या मधे सापडणारी ती तांबडी मातकट पट्टी होती, जिला पुस्तकात 'रेड बोल' म्हणतात, आणि तिच्याखालचा मांजऱ्याही छिद्राछिद्रांत चिकणमातीने भरलेला होता. चिकणमातीचा रोधही कमीच असतो. मी मातीला पाणी समजले होते. त्यातही माझा खरा अपराध पुढचा आहे. तांबडी भुकटी पाहताच चूक कळली असूनही मी गप्प राहिले, काकांनी गाडी चारशे फुटांपर्यंत चालू ठेवली आणि शेवटपर्यंत फुफाटाच निघत राहिला. फुटाचा दर ठरलेला असतो. माझ्या गप्प बसण्याची किंमत त्यांनी तीनशेहून अधिक फुटांच्या हिशेबाने मोजली.

गाडी निघून गेल्यावर काकांनी आवाज न चढवता विचारले, "मॅडम, आजवर कितीक पॉइंट दिले तुम्ही? त्यातले कोरडे किती गेले?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुष्काळाकडे बोट दाखवता आले असते, पण त्यांनी दुष्काळाविषयी विचारलेच नव्हते.

म्हणून पहिला सल्ला हा की पहिल्या दिवसापासून वही ठेवा, आणि तिच्यात गाडी निघून गेल्यानंतरचा रकाना असू द्या. नोव्हेंबरात लागलेले पाणी मार्चमध्ये आटले, तर तो पॉइंट यशस्वी मानायचा का? राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जी १९७२ पासून काम करते आहे, आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मे महिन्यातले मोजमाप त्यात असतेच. आपण मात्र पाण्याचा फवारा उडाला की फोटो काढतो आणि पुढच्या गावाला जातो. मी मेमध्ये जुन्या पॉइंटांवर परत जायला लागले, तेव्हा माझ्या नावावरचे बरेच यश ओढ्याकाठच्या शेतांचे होते असे दिसले. ओढ्याकाठी मुरूम जाड असतो आणि पावसाळ्यानंतर त्याला पाणी असतेच. तिथे मी यंत्र लावले काय किंवा पानाड्याने, म्हणजे परंपरेने पाण्याची जागा सांगणाऱ्याने, तळहातावर नारळ उभा केला काय, पाणी लागण्याची शक्यता मुळातच मोठी. पानाड्यांना हसणारे पदवीधर मी पुष्कळ पाहिले आहेत, पण पानाड्याला पाणी का लागते हे ज्याला सांगता येत नाही, त्याला स्वतःला का लागले हेही सांगता येणार नाही. शेतकऱ्याने आपल्या मनाने जागा निवडली असती तर काय झाले असते, या कसोटीवर आपले काम मोजावे. ती कसोटी मन खट्टू करते.

दुसरी गोष्ट शब्दांची. "दोन इंच पाणी लागले" हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, नव्वद अंशांची खाच असलेली पत्र्याची पट्टी लावून मोजले, तर खाचेतून दोन इंच उंचीने वाहणारे पाणी तासाला सुमारे २,९०० लिटर भरते. एक इंच उंचीने वाहणारे तासाला जेमतेम पाचशे. म्हणजे एक आणि दोन इंचांत दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक फरक आहे. गाडीवाला मात्र बहुधा नजरेने इंच सांगतो, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन इंची पाइप भरून वाहत असतो. एकाच शब्दाचे तीन अर्थ चालू असताना आपण कोणता अर्थ धरला आहे हे अहवालात लिहिणे हे आपले काम आहे. तसेच "येथे पाणी लागेल" एवढेच लिहू नका. कोणत्या खोलीवर कोणता खडक अपेक्षित आहे, तो तिथे न सापडल्यास काय समजावे आणि कुठे थांबावे, हे गाडी यायच्या आधी कागदावर असले पाहिजे. माझ्या अहवालात आता थांबण्याची ओळ ठळक अक्षरांत असते. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम ६० मीटरहून खोल विहिरींना निर्बंधाखाली आणतो, हेही मी तिथेच सांगते. रात्री दहा वाजता गाडी सुरू असताना ते कोण किती ऐकतो, हा भाग वेगळा.

शिकायचे कुठे, असे विद्यार्थी विचारतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे, तिथे पाया पक्का होतो. त्यानंतर मात्र विहिरींत उतरा. चालू कामाच्या विहिरीत सहा-सात परस (माणसाच्या उंचीचे माप) खाली गेले की कडेला मुरूम, मांजऱ्या, तांबडी पट्टी आणि पाषाण क्रमाने उभे दिसतात, आणि पाणी कोणत्या सांध्यातून पाझरते हे हात लावून पाहता येते. तिथे खोदकाम करणाऱ्या वडार मंडळींकडून मी जे शिकले त्याला प्रमाणपत्र नाही. घणाचा आवाज बदलला की "आता पाषाण सुटला" असे म्हणणाऱ्या एका आजोबांनी मला तांबड्या पट्टीबद्दल धारूरच्या त्या बोअरच्या वर्षभर आधीच सावध केले होते. मी तेव्हा त्यांचे बोलणे कौतुकाने ऐकले, वहीत उतरवले नाही.

राहिला 'ते'चा प्रश्न, म्हणजे आपण नेमके कशाचे जाणकार. मला बीड आणि लातूरकडचा बेसाल्ट थोडाफार कळतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट आणि नाइस हे निराळे खडक लागतात. तिथे थर नाहीत, तांबडी पट्टी नाही, पाण्याची घडणच निराळी. दोन वर्षांपूर्वी देगलूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ओळखीतून मला बोलावले. मी फोनवरच सांगितले की हा खडक माझ्या सरावाचा नाही, आणि नांदेडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा नंबर दिला. ते आठ दिवसांनी येणार होते. शेतकरी तेवढा थांबला नाही. नाराज होऊन त्याने गावातल्याच पानाड्याला नेले आणि नारळ उभा राहिला तिथे बोअर घेतला. पाणी लागले. त्याने मला मुद्दाम फोन करून ते कळवले. मी वहीत नोंद केली: ठिकाण, खडक, खोली, पॉइंट कोणाचा; आणि मे महिन्याचा रकाना मोकळा सोडला.