इंग्रजी शब्दाचे मूळ कसे शोधावे : ‘नाइस’चे उदाहरण

इंग्रजी शब्दाचे मूळ शोधताना आजच्या अर्थावरून तर्क लढवत मागे जाऊ नये. सर्वांत जुन्या नोंदीपासून पुढे यावे. ‘नाइस’ म्हणजे ‘छान’ एवढ्यावरून कितीही अंदाज बांधले, तरी त्याचा मूळ अर्थ ‘अडाणी’ होता हे कोणाला सुचणार नाही.

सुरुवात व्युत्पत्ती देणाऱ्या कोशापासून करावी. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात प्रत्येक अर्थाखाली प्रत्यक्ष वापरातील उताऱ्यांचे दाखले सालांसह असतात, आणि खरा पुरावा तोच. विद्यार्थ्यांसाठीचे छोटे कोश प्रचलित अर्थ आधी देतात. या कामी ते अपुरे पडतात.

नोंद वाचताना आधी शब्द कोणत्या भाषेतून आला ते पाहावे. ‘नाइस’ जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी ‘नेस्किउस’, म्हणजे ‘न जाणणारा’, हा लॅटिन शब्द आहे. त्यातील ‘ने’ आपल्या ‘न’चा सख्खा नातलग, तर ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूपासूनच पुढे ‘सायन्स’ झाला. ज्ञान आणि अज्ञान असे एकाच घरचे निघावे, हे मोठे गमतीचे आहे.

त्यानंतर अर्थ सालांच्या क्रमाने मांडावेत. इंग्रजीत १३००च्या सुमारास ‘नाइस’ म्हणजे मूर्ख. पुढे फाजील चोखंदळ, मग नाजूक, सोळाव्या शतकात काटेकोर, आणि अठराव्या शतकात कुठे सुखद. दोन अर्थांमधला दुवा सापडेपर्यंत थांबू नये : चोखंदळ माणूस बारीकसारीक भेद पाहतो, म्हणून ‘काटेकोर’ हा अर्थ आला, आणि ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे ‘सूक्ष्म भेद’ या प्रयोगात तो अजून टिकून आहे.

नुसत्या सारखेपणावर मात्र विसंबू नये. फ्रान्समधील नीस शहराचे रोमन लिपीतील स्पेलिंग हुबेहूब हेच आहे, पण ते नाव ग्रीक ‘निकाइया’वरून आले आहे आणि त्याचा संबंध विजयाशी आहे. एखादा जुना शब्द आद्याक्षरे जोडून बनल्याची कथा तर बहुधा रचलेलीच असते, कारण तसे शब्द घडवण्याची पद्धत विसाव्या शतकापूर्वी क्वचितच आढळते. अशी कथा जुन्या दाखल्याशिवाय स्वीकारू नये.