दंड भरून केस मिटली, पण रेकॉर्डवरचं नाव कसं काढायचं?

पत्ते खेळताना रेड पडली, नाहीतर गल्लीतल्या भांडणात हाणामारी झाली, कोर्टात उभं केल्यावर कोणीतरी म्हणालं कबूल करून टाक, दोन-पाचशे दंड भर आणि मोकळा हो. पाच मिनिटांत काम झालं, पावती घेतली, घरी आलो. पुढे कधीतरी सरकारी नोकरीत सिलेक्शन होतं, साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म, हातात पडतो आणि त्यात सरळ विचारलेलं असतं की कधी अटक झाली का, खटला झाला का, दंड झाला का. तेव्हा कळतं की ती पावती सुटकेची नव्हती, शिक्षेची होती.

आधी हे डोक्यातून काढा की आपल्याकडे "रेकॉर्ड पुसा" असा कुठला अर्ज असतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तशी सोय आहे, आपल्याकडे 18 वर्षांवरच्यांसाठी तसा सरसकट कायदाच नाही, त्यामुळे पैसे घेऊन पोलिसांच्या कॉम्प्युटरमधून नाव काढून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे वगैरे माहिती 75 वर्षं ठेवता येते, पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला, पुढचं अपीलही संपलं, तर कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तेव्हा ती नष्ट करायची असते. म्हणजे सगळा खेळ कोर्टाच्या ऑर्डरचा आहे.

म्हणून सुरुवात कागदांपासून. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस शोधा, मग त्या कोर्टात नकलेचा अर्ज टाकून निकालाची सर्टिफाईड कॉपी काढा. त्यात कलम कुठलं, शिक्षा कबुलीवर झाली की साक्षीपुरावे होऊन, आणि निकालाची तारीख काय, हे बघा. कित्येकांना वाटत असतं आपल्याला शिक्षा झालीय आणि प्रत्यक्षात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असते किंवा पोलिसांनी पाठवलेली समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, कोर्टाने मंजूर केलेली असते, मग अपिलाचा प्रश्नच येत नाही.

शिक्षा झालेलीच असेल तर मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात 30 दिवसांत अपील. पण गुन्हा कबूल केला असेल तर फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यावरच अपील चालतं, गुन्हा केलाच नाही असं तिथे म्हणता येत नाही, आणि फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटने नुसता 100 रुपयांपर्यंत दंड केला असेल तर अपीलच नाही, तिथे रिव्हिजन, म्हणजे निकाल कायद्याने बरोबर आहे का हे वरच्या कोर्टाने तपासावं असा अर्ज, त्याला 90 दिवस. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा आणि उशीर का झाला ते खरं आणि कागदासकट सांगायचं, "माहीत नव्हतं" एवढ्यावर जज सहसा ऐकत नाहीत.

अपिलात काय मागायचं? माझ्या मते किरकोळ केसमध्ये सगळ्यात कामाचा, आणि सगळ्यात कमी मागितला जाणारा, म्हणजे 1958 चा प्रोबेशन कायदा. त्याच्या कलम 3 खाली समज देऊन किंवा कलम 4 खाली चांगल्या वागणुकीचा बाँड घेऊन सोडता येतं, आणि कलम 11 मुळे हे अपील-रिव्हिजनमध्येही मागता येतं. मग कलम 12 प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषी ठरलात हे मात्र पुसलं जात नाही, हे वकिलाने सांगितलं नाही तरी लक्षात ठेवा.

साधी मारहाण, शिवीगाळ असलं काही असेल आणि समोरची पार्टी तयार असेल तर त्याहून चांगला रस्ता आहे, अपील चालू असताना कोर्टाच्या परवानगीने तडजोड. तडजोड मंजूर झाली की ती निर्दोष सुटल्यासारखीच धरतात. कायद्याने तडजोड चालत नाही असं कलम असेल तर त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं, ते खर्चिक आहे.

गुन्ह्याच्या वेळी वय 18 च्या आत असेल तर बालन्याय कायद्याचं कलम 24 बघा, अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचा आदेश बालन्याय मंडळाने द्यायचा असतो, गंभीर प्रकरणांना अपवाद आहेत.

ऑर्डर हातात आली म्हणजे काम झालं असं समजू नका, ती आपोआप पोलीस स्टेशनला पोचेल या भरवशावर राहू नका. सर्टिफाईड कॉपी जोडून पोलीस स्टेशन आणि एसपी किंवा कमिशनर ऑफिस, दोन्हीकडे नोंद अपडेट करण्याचा अर्ज द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. थोड्या दिवसांनी चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज करून काय लिहून येतं ते बघा.

आणि काहीच बदललं नाही तरी फॉर्ममध्ये खरं लिहा. 2016 च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की क्षुल्लक गुन्हा असेल तर तो लपवला तरी नोकरी देणारा तिकडे दुर्लक्ष करू शकतो, पण त्याने दुर्लक्ष केलंच पाहिजे असं नाही, आणि नोकऱ्या जातात त्या बऱ्याचदा लपवल्यामुळे. पासपोर्टची काळजी मात्र नुसत्या दंडवाल्यांनी करू नये, शिक्षा झाल्याच्या कारणावरून नाकारायला गेल्या 5 वर्षांत नैतिक अधःपतनाच्या (फसवणुकीसारख्या, नीतीला काळिमा लावणाऱ्या) गुन्ह्यात किमान 2 वर्षं कैद झालेली लागते. केस अजून चालू असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागेल.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना, एससी-एसटीला आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकील फुकट मिळतो, जाताना उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला आणि निकालाची कॉपी घेऊन जा.