ट्रॅक्टरला कटर घेताय? या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्कशॉपच्या दारात गवत कापायचा एक सहा फुटी स्लॅशर येऊन पडला. घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. गिअरबॉक्सच्या खालून तेल ठिबकत होतं. यंत्र उभं करून पाहिलं तर पात्यांच्या वर, शाफ्टभोवती ठिबकच्या नळीचा आणि सुतळीचा नारळाएवढा गोळा बसला होता. त्यानं ऑइल सील खाऊन टाकलं होतं. मालक वैतागलेले. "उसाच्या खोडव्यातलं पाचट बारीक करायला घेतला, पण पाचट नुसतं इकडचं तिकडं होतंय. मशीनच खराब दिलंय." मी म्हटलं, "दादा, मशीन बरं आहे. तुमच्या कामाचं नाही एवढंच."

घोळ दुकानातल्या पहिल्या वाक्यापासूनच सुरू होतो. आपण जाऊन विचारतो, "पंचेचाळीस एचपीला कटर दाखवा." काय कापायचंय हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

सगळ्यालाच 'कटर' म्हणणं

स्लॅशरची पाती छताच्या पंख्यासारखी आडवी फिरतात. उभं गवत, गाजर गवत, बांधावरची झुडपं आणि फळबागेतली मधली पट्टी हे त्याचं काम. मल्चरमध्ये आडवा रोटर असतो, त्याला वाय आकाराची पाती किंवा हातोडे लोंबतात. ते खालचा माल उचलून वर ओढतात, आतल्या कडेवर आपटतात आणि मग मागं टाकतात. गवत तोडणं आणि काडीकचरा कुटणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पाचट जमिनीवर सपाट पसरलेलं असतं. स्लॅशरचं पातं त्याच्यावरून निघून जातं. खाली घ्यावं तर पातं वरंब्यात घुसतं किंवा बुडख्यावर आपटतं. म्हणून पाचटाला मल्चर किंवा पाचट कुट्टीच लागते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते पेटवून देण्याऐवजी कुटून सरीत ठेवायचं असेल तर इथं काटकसर चालत नाही.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, आणखी वेगळं. स्लॅशर तिला आडवी पाडतो, पण हातभर लांबीच्या काठ्या तशाच राहतात आणि पुढं रोटाव्हेटरमध्ये अडकतात. तिच्या सालीचा दोरा होतो आणि फिरेल त्याला गुंडाळला जातो. त्यासाठी आत स्थिर पाती असलेला श्रेडर पाहावा. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं जे केलं, त्यानंतर अळीला दडायला जागा देणारी पऱ्हाटी बांधावर रचून ठेवायची हिंमत तशीही कुणी करू नये.

द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांनी छाटणीतली सगळ्यात जाड काडी खिशात घालून दुकानात जावं. "किती जाडीपर्यंत चालतं?" असं विचारण्यापेक्षा काडी समोर ठेवलेली बरी.

बॉनेटवरचा एचपी धरून रुंदी ठरवणं

बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. कटरला मिळते ती पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या यंत्र फिरवणाऱ्या दांड्याची ताकद, आणि ती साधारण दहा-पंधरा टक्के कमी असते. म्हणजे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचे पीटीओवर ३८ ते ४० एचपी धरा. आमचा ठोकताळा असा: स्लॅशरला फुटामागे पाच पीटीओ एचपी, मल्चरला आठ. या हिशोबानं ४५ च्या ट्रॅक्टरला पाच फुटी मल्चर झाला. "सहा फुटीही ओढतो की" असं कुणी म्हणेल. ओढतो, पण पहिल्या गिअरमध्ये, धूर काढत.

मागच्या टायरांचं बाहेरून बाहेर माप टेपनं घ्या. कटर त्याहून अरुंद असेल तर एका बाजूचं गवत टायरखाली दबून उभंच्या उभं राहतं. बागेत उलटा प्रश्न असतो, तिथं ओळीतलं अंतर मोजून मगच रुंदी ठरवायची.

डिझेल वाचवायला ॲक्सिलेटर कमी ठेवणं

कटर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर बेतलेला असतो. इंजिन किती आरपीएमला गेलं की ५४० मिळतात, याची खूण बहुतेक ट्रॅक्टरच्या मीटरवर असते. तिथं काटा ठेवायचा आणि वेग गिअरनं कमी-जास्त करायचा. लोड आला की ॲक्सिलेटर कमी करायची सवय वाईट. त्यानं पाती मंदावतात, गवत कापलं न जाता चिंधतं, मल्चरचे पट्टे घसरतात, जळका वास येतो आणि मशीन चोक होतं.

वेगावर सगळं कसं अवलंबून आहे पाहा. पाच फुटी स्लॅशरच्या पात्याचं टोक एका फेरीत पावणेपाच मीटर जातं. गिअरबॉक्स वेग वाढवून पाती मिनिटाला हजारवेळा फिरवत असेल, तर टोकाचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटर होतो. कापण्याचं काम हा वेग करतो, धार नंतर. म्हणूनच स्लॅशरच्या पात्याला वस्तऱ्यासारखी धार लावू नये, दगड लागला की ती लगेच मोडते. आणि म्हणूनच पुढच्या-मागच्या साखळ्या 'अडकतात' म्हणून काढून टाकू नयेत. त्या वेगानं उडालेला खडा कुठं जाईल ते सांगता येत नाही. ट्रॅक्टरला १००० चाही पीटीओ असेल तर लिव्हर कुठं आहे ते आधी बघा. ५४० चं यंत्र १००० वर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

सिंगल क्लच विसरणं

हे मी स्वतः शिकलोय. आमच्या जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला पहिल्यांदा स्लॅशर जोडला, बांधाजवळ येऊन क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबेचना. पुढं पाण्याची चारी. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा पुढची चाकं काठावर थांबली.

असं होतं कारण सिंगल क्लचमध्ये पीटीओ आणि चाकांचा गिअरबॉक्स एकाच शाफ्टवर असतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण स्लॅशरची जड पाती भोवऱ्यासारखी फिरतच असतात आणि उलट्या वाटेनं तीच चाकांना ढकलतात. त्याला उपाय म्हणजे पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवणं किंवा तो असलेला शाफ्ट घेणं. तो एकाच दिशेनं जोर देतो, यंत्राकडून परत येऊ देत नाही. ड्युअल क्लचला किंवा स्वतंत्र पीटीओला ही भीती नाही. दुकानात कटर निवडताना हा प्रश्न कुणीच काढत नाही, तो आपणच काढायचा.

शाफ्ट आला तसा जोडणं

पीटीओपासून कटरपर्यंत जोडायचा, कटरबरोबर येणारा शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाचा असेलच असं नाही. लांब असला तर लिफ्ट उचलताना आत ठोकर बसते आणि पीटीओचं किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. आखूड असला तर चालताना निसटतो. इंजिन बंद करून, शाफ्टचे एकात एक सरकणारे दोन्ही अर्धे शेजारी धरून, लिफ्टच्या वरच्या आणि खालच्या जागी माप घ्या. कामाच्या उंचीला एक तृतीयांश तरी लांबी एकात एक असावी. कापायचंच झालं तर आतला-बाहेरचा पाइप आणि दोन्ही प्लॅस्टिक कव्हरं सारखीच कापा. कव्हर फेकून देऊ नका. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या, उपरण्याचं टोक गेलं तर हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही.

घेतल्यानंतरच्या तक्रारी

शिअर बोल्ट, म्हणजे जास्त जोर आला की यंत्र वाचवायला तुटणारा बोल्ट, सारखा तुटतो म्हणून जास्त मजबूत हायटेन्साइल बोल्ट ठोकणारे महाभाग महिन्याला दोन तरी येतात. मग बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्सचे दात जातात. बोल्ट तुटत असेल तर पाती जमिनीला लागतायत का ते आधी पाहा. बोल्टाऐवजी जास्त जोर आला की घसरणारा स्लिप क्लच असेल तर पावसाळाभर उभा राहून त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट ढिले करून, क्षणभर घसरू देऊन, पुन्हा होत्या तेवढ्याच मापात आवळा.

अचानक थरथर सुरू झाली तर जागेवर बंद करा. बहुतेक वेळा एखादं पातं तुटलेलं असतं किंवा एकच नवं बसवलेलं असतं. पाती समोरासमोरची जोडीनं आणि सारख्या वजनाची बदलायची. तुटलेलं वेल्डिंग करून लावू नये. पाती ठीक असतील तर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (योक) एका रेषेत आहेत का बघा.

स्लॅशर गवत कुठं खोल, कुठं वर कापतो, तर तो टॉप लिंकचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या वरच्या जोडदांड्याचा दोष. पुढची कड मागच्यापेक्षा बोटभर खाली असावी. रस्त्यानं नेताना पुढची चाकं हलकी होत असतील, तर लिफ्टची क्षमता लिंकांच्या टोकाशी मोजलेली असते आणि मल्चरचं वजन त्याच्या मागं लोंबतं, हे लक्षात घ्या. पुढं वजनाच्या प्लेटा टाका.

अनुदानातून घेणार असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करू नका. मंजुरीच्या आधीच्या बिलावरून फाइल अडलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या सहा फुटी स्लॅशरला नवं सील घातलं, ९० नंबरचं तेल भरलं. दादा आता तो बांधाला आणि चिकूच्या बागेत चालवतात. पाचटाला गावातल्याच एकाचा मल्चर तासानं घेतात. ट्रॅक्टर शेतात घालायच्या आधी त्यांचा मुलगा पोतं घेऊन सऱ्या फिरून येतो आणि ठिबकच्या नळीचे तुकडे वेचतो. परवा म्हणाला, एका एकरात अर्धं पोतं निघालं.