जुनी सुपर वाइड लेन्स घेताय? या चुका टाळा

फिल्मवर फोटो काढणारी पोरं पुन्हा दिसू लागली, याचा आनंद आहे. पण "काका, २० एमएम स्वस्तात मिळाली, पण..." हे वाक्य ऐकून कान किटले. त्या 'पण'च्या पुढचं सगळं पैसे देण्याआधी पाच मिनिटांत कळलं असतं. बहुतेकांकडे निकॉनची एफएम१० किंवा एफएम२ (दोन्ही फिल्म कॅमेरे) असते, म्हणून मुख्यतः निकॉनबद्दलच लिहितोय.

पहिली चूक आकड्याला भुलण्याची. १०-२०, ११-१६ असं वाचलं की पोरं खूश, आकडा लहान म्हणजे लेन्स जास्त वाइड. अरे, त्या डीएक्स लेन्स आहेत, डिजिटलच्या छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या. आपली फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. चारी कोपरे काळे येणार. शिवाय 'जी' लेन्सला अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) लहान-मोठं करणारी रिंगच नसते, त्यामुळे एफएम१० वर ती कायम सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरवर बंद होते. विकणारा म्हणतो, "निकॉनला बसते." खोटं नाही बोलत तो. बसते.

१९७७ च्या आधीच्या नॉन-एआय (अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला आपोआप कळवणारी निकॉनची एआय सोय नसलेल्या) लेन्स निकॉन एफ, एफ२ वर मजेत चालतात. एफएम२ किंवा एफएम१० वर दाबून बसवाल तर माउंटभोवतीची (लेन्स बसते त्या कडीभोवतीची) छोटी कळ मोडून घ्याल. एआय लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या आकड्यांच्या सहसा दोन रांगा असतात, त्यातली बारीक माउंटकडे. एकच रांग दिसली तर थांबा आणि विचारा. काही जुन्या लेन्स नंतर एआयसाठी बदलून घेतलेल्या असतात.

आता माझं खरं दुखणं: उघडलेली लेन्स.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने ऑनलाइन २० एमएम एफ/२.८ घेतली. काच लख्ख, फंगसचा (बुरशीचा) ठिपका नाही, किंमत बाजारभावापेक्षा कमी. लगेच राजगडावर गेला आणि संजीवनी माचीवरून पहाटेच्या उजेडात तोरण्याचे फोटो काढले, एफ/२.८ वर म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस रिंग इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या अंतराला) टेकवून. रोल धुऊन आले तर पायापुढचे दगड कोरल्यासारखे आणि तोरणा लोण्यासारखा. पठ्ठ्या सरळ लॅबवाल्याशी भांडून आला.

मी लेन्स हातात घेतली आणि आधी मागचे स्क्रू पाहिले. डोकी ओरबाडलेली. कुणीतरी फंगस साफ करायला ती उघडली होती आणि जोडताना काच जागेवर बसली नव्हती. वाइड लेन्समध्ये हे फार महागात पडतं. काच ते फिल्म या अंतरात ०.२ मिलिमीटरची चूक झाली तर इन्फिनिटीला ठेवलेली ५० एमएम साधारण साडेबारा मीटरवर फोकस होते, २० एमएम मात्र फक्त दोन मीटरवर. व्ह्यूफाइंडरमध्ये हे दिसतही नाही, कारण तिथे सगळंच इवलंसं आणि शार्प वाटतं.

म्हणून माझी सवय सांगतो. स्वतःची बॉडी रोल न भरता घेऊन जातो. मागचं झाकण उघडतो, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेतो उघडं) केबल रिलीजने अडकवतो आणि फिल्मच्या रुळांवर जुन्या कॅमेऱ्यातला फोकसिंग स्क्रीन (चित्र उमटतं ती दुधी काच) ठेवतो, खरबरीत बाजू लेन्सकडे. आधी खात्रीची ५० एमएम लावून लांबची इमारत लूपने (भिंगाने) पाहतो, म्हणजे बॉडीवर शंका राहत नाही. मग वाइड लावतो: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, रिंग इन्फिनिटीला. मध्य पाहतो, मग चारी कोपरे. एकच कोपरा इतर तिघांपेक्षा मऊ असेल तर आतली काच तिरकी आहे. मुंबईच्या बोरा बाजारातल्या गर्दीत हे करताना लोक बघतात. बघू देत. "एवढं कोण करतं" म्हणणारेच नंतर फोन करतात.

कुरियरने मागवायची असेल तर स्क्रूंचे जवळून काढलेले फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. लेन्स पुन्हा मिळते.

एम४२ (जुनं स्क्रूचं माउंट) ची मीर किंवा फ्लेक्टोगॉन लेन्स अडॅप्टरने निकॉनवर लावायचा शॉर्टकट तर विसराच. निकॉनचं माउंट ते फिल्म अंतर ४६.५ मिलिमीटर, एम४२ चं ४५.४६. म्हणजे लेन्स फिल्मपासून मिलिमीटरभर लांबच राहते. बिनकाचेच्या अडॅप्टरने २० एमएम फार तर हातभर अंतरापर्यंत शार्प राहील. काचवाला अडॅप्टर घेतलात तर चांगल्या लेन्समागे स्वस्तातलं भिंग लावल्यासारखं. त्यापेक्षा एखादी जुनी एम४२ बॉडीच घ्या.

फंगस मोबाइलच्या टॉर्चने आरपार पाहा, अ‍ॅपर्चर उघडून. कडेचा एखादा धागा मी भाव पाडून घेतो. धुरकट काच फुकटही घेत नाही, कारण वाइडच्या फ्रेममध्ये सूर्य हमखास येतो. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याचं फारसं मनावर घेऊ नका. मागच्या काचेवर असेल तर मात्र मनावर घ्या.

अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं: ती लेन्स नको.

आणि लेन्सवर आधीपासून असलेला जाड फिल्टर पहिल्यांदा काढा. एफएम२ चा व्ह्यूफाइंडर फ्रेमचा ९३ टक्केच भाग दाखवतो. फिल्टरने कापलेले कोपरे उरलेल्या सात टक्क्यांत लपतात आणि स्कॅनमध्ये उगवतात. पोलरायझर फिल्टर तर वाइडवर लावूच नका, आभाळ अर्धं गडद, अर्धं फिकट येतं.