सहावीचं नागरिकशास्त्र : आधी गावातला प्रश्न, मग पुस्तक

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला नागरिकशास्त्र शिकवायचं म्हटलं की लेकरं आधीच जांभया द्यायला लागतात. 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' हे नाव वाचूनच निम्मा वर्ग गार! म्हणून पाठ काढताना मी पहिल्या दिवशी पुस्तक उघडतच नाही. गावात कोणालातरी विचारल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, असा एक प्रश्न शोधते. तो सापडला की निम्मं टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, झालंच म्हणून समजा.

ग्रामपंचायतीसाठी माझा प्रश्न ठरलेला आहे : टँकरचं पाणी कुठे उतरवायचं? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिली तासिका नोटीस बोर्डापाशी. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आदल्या दिवशी फोन करून ठेवा, नाहीतर कार्यालयाला कुलूप दिसेल. ग्रामसभेची जुनी नोटीस मागून घ्या. तारीख, विषय, सही कुठे आहे ते लेकरांनीच शोधायचं. नोटीस 7 दिवस आधी निघावी लागते, वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे तिथंच सांगून टाका. कागद हातात असताना सांगितलेलं डोक्यात राहतं.

दुसऱ्या तासिकेला वर्गातच ग्रामसभा. गणपूर्तीचं, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचं, गणित फळ्यावर करून घ्या : 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. वर्ग 40 चा असेल तर 6 जण पुरतात. "बाई, मग बाकीचे आले नाहीत तरी चालतं?" हा प्रश्न येतोच. लगेच उत्तर देऊ नका, थोडं भांडू द्या.

सरपंच मुलगी असू द्या. राज्यात पंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, पण तिच्या शेजारी बसून तिच्या वतीनं बोलणारा 'सरपंचपती' वर्गातही आपोआप उगवतो. त्याला खाली बसवायचं काम सरपंच मुलीनंच करायचं, आपण मध्ये पडायचं नाही.

एकदा टँकरवर चर्चा रंगली होती. गावातली पोरं म्हणाली, विहिरीत ओता, सगळ्यांना सोयीचं. तांड्यावरून चालत येणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "विहिरीत ओतलं की तुमच्या मोटारी ओढून घेतात. आम्ही घागर घेऊन येईपर्यंत गाळच राहतो." वर्ग चिडीचूप. मग ठराव दुरुस्त झाला : एक खेप तांड्यावर, तीही आधी. सूचक, अनुमोदक, बाजूनं हात, विरोधात हात, सगळं वहीत लिहून घेतलं. तो ठराव पुढे पंचायत समितीत आणि तहसीलमध्ये कसा जातो हे सांगितलं की पुढचाही पाठ मार्गी लागतो. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेही इथंच सांगावं; हे घरच्यांना विचारायला लेकरं उड्या मारतात.

17 सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या पाठालाही हीच रीत. प्रश्न द्यायचा : 15 ऑगस्ट 1947 ला आपल्या गावात झेंडा का लागला नाही? तेव्हाचं आठवणारी माणसं आता थोडी उरलीत, पण आजी-आजोबांनी ऐकलेलं असतं. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो; मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि सप्टेंबर 1948 ची भारत सरकारची पोलीस अ‍ॅक्शन पुस्तकातून येऊ द्या. रझाकारांवर, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेवर, बोलताना मात्र जपायचं. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करायचा हे जरूर सांगावं, पण घरून आलेल्या गोष्टींत आजच्या कोणत्या कुटुंबाचं नाव असेल तर ते वर्गात वाचू देऊ नका. बाकावर त्याच घरातलं लेकरू बसलेलं असू शकतं.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मोबाईलवरच्या मतदान यंत्रावर घेतात, गंमत येते, घ्यावी. पण निवडून आलेल्या आरोग्यमंत्र्याला नखं तपासण्यापलीकडे काही काम दिलं नाही, तर तो नुसता खेळच.

चाचणीत 'ग्रामसभेची कामे लिहा' हा प्रश्न मी विचारत नाही. चुकांची एक नोटीस छापून देते : सभेच्या 3 दिवस आधीची, विषयाच्या जागी फक्त 'इतर', महिला सभेचा उल्लेख नाही, खाली सहीच नाही. चुका शोधा आणि नोटीस नव्यानं लिहा, 10 गुण. काठावरचं लेकरूही निदान दोन चुका शोधतंच.