पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी
पुण्यात पावसाळा लागला की हा प्रकार हमखास: डेस्कटॉप कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळाच. लगेच मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला असं समजू नका. आधी मॉनिटरची केबल दोन्हीकडून काढून घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टला हवी. साफसफाईनंतर नेमकी इथेच चूक होते.

तरीही काही दिसत नसेल तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या मेमरीच्या कार्डावर. दमट हवा आणि धूळ यांमुळे तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि संपर्क नीट होत नाही. मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या खिट्ट्या उघडून रॅम काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका. स्लॉटमध्ये फुंकर नको, थुंकी उडते. कोरडा मऊ ब्रश फिरवा. खाच जुळवून 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) असेल तर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटंही लागतात, घाईने बंद करू नका.

कॉम्प्युटरचं घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरलेली असू शकते.